प्रेशर ठीक आहे?

वडखळहून अलिबागकडे वळलं की थोड्या वेळात धरमतरचा पूल लागतो. पुलाच्या एका बाजूला पेण तालुका, दुसऱ्या बाजूला अलिबाग, खाली खाडी. एके काळी मुंबईची माणसं बोटीनं धरमतरला उतरायची आणि मग पुढच्या प्रवासाला लागायची. आता ती शुक्रवारी रात्री कारमधून येतात. त्यांच्यासाठी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाट्या आहेत : पोह्याचे पापड, घरगुती जेवण, ताजी मासळी, एनए प्लॉट. गेल्या काही वर्षांत त्यांच्यात आणखी एक पाटी मिसळली आहे. कमळाचं फूल, एक दिवा, डोळे मिटून पालथी पडलेली गोरी बाई आणि खाली 'आयुर्वेदिक मसाज व स्पा'.

या पाटीवर आमच्याकडे दोनच प्रतिक्रिया उमटतात. पुरुष एकमेकांकडे बघून हसतात. बायका म्हणतात, पैसे जास्त झालेत लोकांना. 'माझी पाठ दुखते, एकदा जाऊन बघू का?' ही तिसरी प्रतिक्रिया मी कधी ऐकली नव्हती. आणि दुखणाऱ्या पाठींची इथे टंचाई नाही. खारेपाटातली भातलावणी कमरेत वाकून होते. मिठागरात टोपल्या डोक्यावरून वाहतात. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत माणसं महिनोन्‌महिने मान खाली घालून मूर्ती घासतात, रंगवतात. ज्यांचं अंग सगळ्यात जास्त मोडलेलं, ती माणसं त्या पाटीसमोरून टमटममध्ये बसून निघून जातात.

मी आत गेले. एकदा एकटी आणि एकदा आईला घेऊन. पहिल्यांदा जाणाऱ्याला तिथे काय होतं हे कुणी नीट सांगत नाही. जे सांगतात ते एक तर जाहिरातीच्या भाषेत सांगतात, नाहीतर डोळा मारून. म्हणून हे लिहिते आहे.

*

खरं तर मालिश आपल्याला अजिबात नवी नाही. आपण जगात आल्या आल्या पहिल्या काही दिवसांतच मालिशवाल्या बाईच्या पायांवर पडलेले असतो. ती पाय लांब करून पाटावर बसते, बाळाला आपल्या पायांवर पालथं घालते, कोमट तेल हातावर घेते आणि त्या वीतभर पाठीवर अंगठे फिरवते. बाळ किंचाळतं. आजी म्हणते, रडू दे, भूक लागेल. मग तीच बाई बाळाच्या आईची पाठ, कंबर, मांड्या रगडते. त्यानंतर कढत पाणी, शेक, ओव्याची धुरी. सव्वा महिना हे चालतं. सव्वा महिना संपला की त्या बाईच्या अंगाचा तेलाशी संबंधही संपतो.

पुढे वर्षातून एकदा नरकचतुर्दशी येते. पहाटे उठून आई सगळ्यांना तेल-उटणं लावते. नवऱ्याला, मुलांना, पाहुण्यांनाही. आईच्या पाठीला कोण लावतं, हा प्रश्न माझ्या घरात मला पंचविसाव्या वर्षापर्यंत पडला नव्हता.

मग लग्नातली हळद. आणि पैलवान. कोल्हापूरच्या तालमीत मेहनत झाल्यावर पोरं एकमेकांचं अंग रगडून काढतात, तेव्हा कुणी हसत नाही. कुणाला ते चोचलेही वाटत नाहीत. तो खुराकासारखाच मेहनतीचा भाग असतो.

म्हणजे आपल्याकडे अंगाला दुसऱ्याच्या हातानं तेल लागायला कारण लागतं : जन्म, बाळंतपण, सण, लग्न, कुस्ती. 'दुखतंय' एवढं कारण पुरत नाही.

गंमत अशी की, जुन्या ग्रंथांना ते पुरत होतं. चरकसंहितेत रोजच्या दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग येतो, आणि तिथे दिलेल्या उपमा बघण्यासारख्या आहेत. तेलानं मडकं मजबूत होतं, चामडं मजबूत होतं, गाडीचा आस मजबूत होतो, तसं तेलानं शरीर कष्ट सोसणारं होतं. मडकं, चामडं, आस. तिन्ही रोज वापरात झिजणाऱ्या वस्तू. त्या यादीत राजवाड्यातली एकही वस्तू नाही. पाटीवरच्या डोळे मिटलेल्या बाईपेक्षा ही यादी लावणीला जाणाऱ्या बाईच्या जास्त जवळची आहे.

अडचण वेगळीच आहे. ती आपल्या क्रियापदांत दिसते. चोळणं, रगडणं, मळणं, दाबणं, चेपणं, थोपटणं. मराठीत या कामासाठी शब्दांची श्रीमंती आहे. आता ते वाक्यात वापरून बघा. सून सासूचे पाय चेपते. चेला गुरूचे पाय दाबतो. गडी मालकाचं अंग रगडतो. दाबणारा बहुतेक वेळा खालचा आणि दाबून घेणारा वरचा. त्यामुळे पैसे देऊन अनोळखी माणसाकडून अंग चोळून घ्यायचं म्हटलं, की आपल्या डोक्यात लगेच दोन गोंधळ होतात. एक तर मी कुणाला तरी नोकर करते आहे असं वाटतं, नाहीतर मी स्वतःच त्याच्या ताब्यात जाते आहे असं. तिसरी शक्यता, म्हणजे समोरच्याला एक कसब येतं आणि मला त्याची गरज आहे, ती आपल्याला शिंप्याच्या किंवा इलेक्ट्रिशियनच्या बाबतीत सहज सुचते. अंगाच्या बाबतीत सुचत नाही.

*

मी घरून काम करते. दिवसाचे नऊ तास लॅपटॉप आणि उरलेला वेळ फोन. मान आणि उजव्या खांद्याच्या मध्ये एक गाठ बसली होती. डॉक्टरांनी तपासून गंभीर काही नाही म्हणून सांगितलं. फिजिओथेरपिस्टनं व्यायाम दिले आणि वर म्हणाली, मसाजनं बरं वाटेल, पण खांदा सुधारेल तो व्यायामानंच. हे वाक्य मी इथेच सांगून टाकते, कारण काउंटरवर ते कुणी सांगणार नाही. फिजिओथेरपी हा उपचार आहे, त्याला पदवी लागते. मसाज हा आराम आहे. दोन्हींत हात वापरतात म्हणून दोन्ही एक होत नाहीत.

फोन केला की तीन गोष्टी विचारतात : कोणता मसाज, किती वेळ, आणि करणारी व्यक्ती बाई हवी की पुरुष. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ द्यायचं, लाजायचं कारण नाही. पहिल्या प्रश्नावर मात्र आपण अडतो, कारण यादी हॉटेलच्या मेनूकार्डासारखी असते. त्यातले तीन प्रकार समजले तरी काम भागतं.

'स्वीडिश' म्हणजे तेल लावून लांब हात फिरवणं, स्नायू कणकेसारखे मळणं, हलकं थोपटणं. नाव स्वीडनचं असलं तरी यातल्या हातांच्या प्रकारांना आजही वापरली जाणारी फ्रेंच नावं रूढ करण्याचं श्रेय योहान मेट्सगर या एकोणिसाव्या शतकातल्या डच डॉक्टरला देतात. पहिल्यांदा जाणाऱ्यानं हाच घ्यावा. 'डीप टिश्यू' म्हणजे यातलाच जास्त जोराचा, अंगठा आणि कोपर वापरून केलेला प्रकार. 'थाई' मसाज जमिनीवरच्या गादीवर, सैल कपडे घालून होतो. त्यात तेल नसतं, अंग दाबतात आणि ताणतात. २०१९ मध्ये युनेस्कोनं त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. कपडे काढायचा संकोच असेल, तर हा पर्याय लक्षात ठेवा. आणि केरळी पद्धतीचा अभ्यंग लाकडी द्रोणीवर होतो. कधी दोन्ही बाजूंनी दोन जण एकाच लयीत काम करतात. तेल भरपूर, कमरेला फक्त एक पट्टी, नंतर वाफ. त्याची तयारी मनाशी करूनच जायचं.

चांगल्या ठिकाणी आधी एक फॉर्म भरून घेतात. रक्तदाब, मधुमेह, झालेली ऑपरेशन्स, गरोदरपण, त्वचेची अ‍ॅलर्जी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. हा फॉर्म कंटाळवाणा वाटतो, पण तो न देणाऱ्या जागेपेक्षा देणारी जागा नेहमी बरी. ताप असेल, त्वचेवर संसर्ग असेल, नुकतं हाड मोडलं असेल, ऑपरेशन झालं असेल, तर जायचं नाही. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली असेल, गरम लागत असेल, दुखत असेल, तर ती चोळून घ्यायची नाही, आधी डॉक्टरकडे जायचं. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळण्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अजीर्ण झालेल्यानं अभ्यंग टाळावा, असं वाग्भटानंही अष्टांगहृदयात सांगून ठेवलं आहे. त्यामुळे मटणाचं जेवण करून थेट टेबलावर आडवं व्हायचं नाही, हा सल्ला निदान हजारभर वर्षं जुना आहे.

*

आता खोली. उजेड मंद, एसी थोडा जास्तच, बासरीचं संगीत, लेमनग्रासचा वास. मधोमध अरुंद टेबल आणि त्याच्या एका टोकाला चेहऱ्यासाठी भोक. थेरपिस्ट सांगते, कपडे काढून टॉवेलखाली पालथ्या झोपा, मी दोन मिनिटांत येते. आणि ती बाहेर जाते. हे बाहेर जाणं महत्त्वाचं आहे. कपडे किती काढायचे हे तुम्ही ठरवायचं. अंतर्वस्त्रं ठेवली तरी कुणी काही म्हणत नाही. बऱ्याच ठिकाणी कागदासारखी एकदा वापरून टाकायची चड्डी देतात. पुढचा तासभर तुमचा जो भाग चालू असेल तेवढाच उघडा असतो, बाकी सगळं टॉवेलखाली. पाठ झाली की पाठ झाकतात, मग एक पाय उघडतात. छाती आणि जांघेच्या भागाला हात लावायचा नसतो. हा नियम आहे, तिथे 'चुकून' काही नसतं.

तेलाचा पहिला स्पर्श झाला आणि माझं सगळं अंग आखडलं. मोठं झाल्यावर आपल्याला अनोळखी हात लागतो तो तीन ठिकाणी : डॉक्टरकडे, गर्दीत आणि भांडणात. शरीराला चौथा प्रकार माहीतच नसतो. मग साधारण पाचव्या मिनिटाला तिनं विचारलं, "मॅडम, प्रेशर ठीक आहे?"

तसं ते नेहमीचं वाक्य आहे. दिवसातून पाच-सहा गिऱ्हाइकांना ती हेच विचारत असणार. पण मी त्या भोकातून खाली फरशीकडे बघत विचार करत राहिले, की हा प्रश्न मला याआधी कुणी विचारला आहे का? लहानपणी सणासुदीला डोकं चोळताना नाही. दवाखान्यात पोट दाबताना नाही. पार्लरमध्ये थ्रेडिंग करताना डोळ्यांत पाणी आलं तरी नाही. तिथे ऐकू येतं ते 'झालं, झालं'. अंगाला किती सोसवतं याचं उत्तर आपण स्वतः द्यायचं असतं, ही सवयच नाही.

मी म्हणाले, "खांद्याला थोडं कमी करा. कमरेला चालेल."

आणि तो हात लगेच हलका झाला. तिनं कारण विचारलं नाही, तिला रागही आला नाही. तुम्हाला एका तासाच्या पैशांत मिळण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट मला विचाराल, तर ती हीच आहे. 'इथे नको', 'जोर कमी', 'बोलू नका', 'संगीत बंद करा', 'थांबा'. हे सगळं म्हणता येतं, आणि तिच्या हातातलं काम त्याप्रमाणे बदलतं. मुक्यानं सोसायचं ते खेळातलं किंवा बाळंतपणातलं दुखणं. मसाजमध्ये 'गोड दुखणं' आणि 'नको असलेलं दुखणं' यांतला फरक ओळखायचा आणि तो तोंडानं सांगायचा.

आणखी थोडं. झोप लागते, घोरायला होतं. पोटात गुडगुडतं, गॅस जातो. क्वचित कारण नसताना रडू येतं. थेरपिस्टनं हे सगळं शेकडो वेळा पाहिलेलं असतं. संपल्यावर झटकन उठायचं नाही, चक्कर येऊ शकते. दुसऱ्या दिवशी अंग जरा ठणकतं, ते एक-दोन दिवसांत जातं. आणि बाहेर काउंटरवर दहा मसाजचं पॅकेज घ्या म्हणून आग्रह होतो. तेलानं डोकं सुस्त झालेलं असताना कुठलंही पॅकेज घ्यायचं नाही. घरी जाऊन विचार करते, म्हणायचं.

काउंटरवर आणखी एक गोष्ट ऐकू येते : मसाजमुळे शरीरातले 'टॉक्सिन्स' बाहेर पडतात. पडत नाहीत. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात आणि त्यासाठी ती पैसे घेत नाहीत. व्यायामानंतर साचलेलं लॅक्टिक अ‍ॅसिड मसाजनं निघतं, हेही तसंच. ते तासा-दोन तासांत आपोआप कमी होतं. मग उपयोग काय? २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं कंबरदुखी आणि मसाज यांवरच्या चाचण्या एकत्र करून तपासल्या. थोड्या काळासाठी दुखणं कमी होतं असं त्यांत दिसलं, टिकाऊ फायदा दिसला नाही, आणि एकूण पुरावा फार भक्कम नाही असंही त्यांनी नोंदवलं. माझा अनुभव याच्याशी जुळतो. गाठ तीन दिवस सैल होती, चौथ्या दिवशी परत आली. पण त्या तीन रात्री मी सलग झोपले, आणि सलग झोपणाऱ्या माणसाला व्यायाम करायला सुचतं.

एका गोष्टीला मात्र सरळ 'नाही' म्हणा. डोक्याची मालिश झाल्यावर हनुवटी आणि डोकं धरून मान कडकन मोडतात ना, ती. गावोगावच्या सलूनमध्ये ती फुकट मिळते. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधून जातात. अचानक झटक्यानं त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते, गुठळी होऊ शकते आणि पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. असं क्वचित होतं, पण तरुण माणसांनाही झालेलं आहे. खुर्चीत बसतानाच सांगायचं, "दादा, मान मोडू नका."

*

पाटीकडे बघून पुरुष का हसतात, याचं उत्तर मसाजच्या इतिहासात नाही. इतिहासात तर या धंद्याला चांगली प्रतिष्ठा मिळाल्याची उदाहरणं आहेत. पाटण्यात १७५९ मध्ये जन्मलेला शेख दीन महंमद इंग्लंडला गेला, ब्रायटनला त्यानं औषधी वाफेची स्नानं आणि मालिश सुरू केली, १८२२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं आणि दोन इंग्रज राजांचा 'शाम्पूइंग सर्जन' झाला. बाथरूममधला शाम्पू हा शब्द आपल्या 'चांपी'च्याच घरातला आहे. इंग्रजीत आधी तो दाबण्या-चोळण्यासाठी होता, केस धुण्यासाठी नंतर आला. १९५७ च्या 'प्यासा'मध्ये जॉनी वॉकरनं रंगवलेला तेलमालिशवाला तर सगळ्या सिनेमातला सगळ्यात सुखी माणूस आहे. मुंबईच्या चौपाटीवर बाटल्या किणकिणवत फिरणारे असे मालिशवाले अनेकांनी पाहिलेत.

हसू येतं ते बातम्यांमुळे. अमक्या स्पावर छापा, इतक्या मुलींची सुटका. मसाजच्या नावाखाली वेगळे धंदे चालतात आणि त्यांत मुलींना फसवून आणलं जातं, हे खरं आहे. पण त्या बातमीचा डाग पडतो तो रोज सकाळी डबा घेऊन साधं काम करायला जाणाऱ्या बाईवर. माझी थेरपिस्ट रोह्याकडची होती. कौशल्य प्रशिक्षणातला स्पा थेरपिस्टचा कोर्स करून आलेली. गावात ती 'हॉटेलात कामाला आहे' एवढंच सांगते. लग्नाचं बघायला लागले तेव्हा तर तेही सांगू नको म्हणाले होते घरचे. गिऱ्हाइकांपैकी कुणी काही विचित्र मागितलं तर काय करते, असं मी विचारलं. ती म्हणाली, "टॉवेल टाकते अंगावर आणि बाहेर येते. मॅनेजर चांगला आहे, पैसे परत देत नाही."

हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. 'थांबा' म्हणायचा हक्क टेबलावरच्या माणसाला आहे तसा टेबलाशेजारी उभ्या असलेल्या माणसालाही आहे. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तिलाही लागू होतो, आणि कामाच्या ठिकाणी येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासून तिला सुरक्षित ठेवणं ही त्यात मालकाची जबाबदारी आहे. गिऱ्हाईक हा असा बाहेरचाच माणूस असतो. आणि उलट बाजूनं, टेबलावर असताना कुणाचा हात नको तिथे गेला, तर शंका घेत पडून राहायचं नाही. उठून बसायचं, कपडे मागायचे, बाहेर यायचं. पैसे, रेटिंग, तक्रार हे सगळं नंतर.

*

आई गणपतीच्या कारखान्यात जाते. एकवीस वर्षं झाली. मूर्ती पॉलिश पेपरनं घासणं, मग रंगाचा हात. सणाच्या आधीचे दोन महिने ती घरी फक्त झोपायला येते. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून केसांचा अंबाडा ती मान वाकवून डाव्या हातानं घालते. डॉक्टरांना दाखवून झालं होतं, मसाजला हरकत नव्हती. अनंत चतुर्दशीनंतर मी तिला घेऊन गेले. दोन टेबलांची खोली मागितली, कारण एकटी ती आत गेली नसती.

तासाचे अठराशे रुपये पाटीवर लिहिलेले होते. तिनं वाचले आणि हळूच म्हणाली, "चार दिवसांची मजुरी गं ही." मी म्हटलं, हो. चार दिवसांचीच आहे. यावर माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

तिला साडी सोडायला सगळ्यात जास्त वेळ लागला. परकर ठेवला. थेरपिस्टनं तो गुडघ्यापर्यंत सारून वर टॉवेल घातला आणि काहीही न बोलता कामाला लागली. पहिली वीस मिनिटं मी शेजारच्या टेबलावरून ऐकत होते. "मावशी, प्रेशर ठीक आहे?" "ठीक आहे." "मावशी, जास्त होतंय का?" "नाही, ठीक आहे." तिला एसीची थंडी वाजत असणार, गुडघा टेबलाला टोचत असणार. पण आईच्या पिढीला ठीक आहे या दोन शब्दांपलीकडे स्वतःच्या अंगाबद्दल बोलायला कुणी शिकवलेलं नाही.

मग हात उजव्या खांद्याच्या पात्याखाली गेला आणि आई म्हणाली, "इथं."

थेरपिस्ट थांबली. "इथं दुखतं?"

"इथं. आणखी जरा खाली. हां. तिथंच राहा."

त्या जागेवर ती किती तरी वेळ होती. मध्येच आईनं भोकात तोंड असतानाच विचारलं, "तुझं हात नाय दुखत गो बाय?"

काही क्षण नुसती बासरी वाजत राहिली. मग ती म्हणाली, "दुखतात ना मावशी. अंगठे लय दुखतात. रात्री गरम पाण्यात घालून बसते."

"मीठ घाल त्यात. मी पण घालते."

यानंतर दोघी बोलत राहिल्या. अंगठ्याऐवजी कोपर कसं वापरायचं हे तिला कोर्समध्ये शिकवलं होतं, आईला कुणीच काही शिकवलं नव्हतं. पॉलिश पेपर चिमटीत धरण्यापेक्षा लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून धरला तर अंगठ्यावर जोर येणार नाही, असं त्या मुलीनं सांगितलं. एकवीस वर्षांत हे कारखान्यात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पैसे कशाचे दिले हे मला कुणी विचारलं, तर यातला निम्मा भाग मी या वाक्याचा धरेन.

आई पुन्हा गेलेली नाही. परवडत नाही हे खरं, आणि दर महिन्याला जाऊन खांदा बरा होईल असंही नाही. त्यासाठी डॉक्टरांनी दिलेले भिंतीवर बोटं चढवण्याचे व्यायाम ती करते, करत नाही, करते. पण कारखान्यात आता जेवणाच्या सुट्टीत दोघी-तिघी एकमेकींच्या पाठीमागे बसून खांदे दाबतात, आणि पेपर लाकडावर गुंडाळून धरतात.

रविवारी रात्री मी तिच्या खांद्याला तिळाचं तेल लावते. पूर्वी मी कधी काही लावलं, तर ती 'राहू दे गं, झालं' म्हणून उठायची. आता ती उशीत तोंड घालून सूचना देते. खाली. आणखी खाली. तिथं नको, हाड आहे. जोर कर, तेलाचे पैसे पडलेत.